गुलाबाचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम

दुधनी हे तुरीचे गाव. मार्गशीर्ष-पौषात येथील बाजार समितीच्या आवारात अक्कलकोट तालुक्यातून आणि सीमेपलीकडील कर्नाटकाच्या खेड्यांतून आलेल्या तुरीचे ढीग पडतात. आडतीवर बसलेला अनुभवी माणूस मूठभर दाणे तळहातावर घेतो, त्यांतला एक दाताखाली फोडतो आणि मालात ओल किती आहे ते सांगतो. भाव मनासारखा नसेल तर पोती शिवून गोदामात लावतो आणि चैत्राची वाट पाहतो. आपल्या समाजातील कित्येक घराण्यांची दोन-तीन पिढ्यांची कमाई या वाट पाहण्याच्या कलेवर उभी आहे.

याच गावात एक असाही व्यवसाय आहे, ज्यात वाट पाहता येत नाही. कानडीत ज्याला हूगार म्हणतात आणि मराठीत फुलारी, तो हा व्यवसाय. आमच्या घरची लग्ने, वास्तुशांती, दुकानाचे मुहूर्त या सर्वांची फुलसजावट करणारे जे गृहस्थ आहेत, त्यांना सारा गाव फुलारीमामा म्हणतो. पूर्वी ते देवळांना हार पुरवीत. आता मंडपाचे प्रवेशद्वार, व्यासपीठ, वरवधूंची गाडी असे सगळे काम घेतात. पहाटे सोलापूरहून अक्कलकोटमार्गे येणाऱ्या टेम्पोतून त्यांची खोकी उतरतात. त्या खोक्यांत पडून असलेल्या मालाची किंमत दर तासाला कमी होत असते. आम्ही व्यापारी मंडळी तूट म्हणजे काय ते जाणतो असा आमचा समज असतो. खरी तूट फुलारीमामांच्या खोक्यात पाहावी.

या खोक्यांत दोन प्रकारचा गुलाब असतो. पहिला उघड्या शेतातला. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वडजी हे गाव गुलाबाचे गाव म्हणूनच ओळखले जाते. ग्लॅडिएटर ही आपल्या महाराष्ट्रात उघड्या शेतात फार जुनी आणि मुरलेली जात. १९५५ साली अमेरिकेत तयार झालेली ही लाल फुलांची जात आपल्या उन्हापावसाला अशी सरावली की आता तिला परकी म्हणवत नाही. उघड्या शेतातली फुले भल्या पहाटे, दव असतानाच खुडतात आणि सुटी विकतात. हार, गजरे, पाकळ्यांच्या पायघड्या, अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या समाधीवरची चादर यांना हा गुलाब लागतो. दुसरा गुलाब हरितगृहातला, ज्याला सगळे ‘डच गुलाब’ म्हणतात. लांब सरळ काडी, टोकाला मिटलेली कळी, कळीवर जाळीची टोपी, वीस काड्यांची एक गड्डी आणि तिच्याभोवती पुठ्ठा. मावळात तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी स्वतंत्र वसाहत उभारली, आणि तेव्हापासून त्या पट्ट्यातील हरितगृहांचा गुलाब परदेशी जातो, तसाच पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारातून आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांपर्यंतही येतो.

फुलारीमामांच्या हातात या दोन गुलाबांच्या दोन वेगळ्या विद्या आहेत. सुट्या गुलाबाची विद्या बोटांची आहे: दोरा, गाठ, पाकळीचा कल. काडीच्या गुलाबाची विद्या पाण्याची आहे. हिचे गणित ऋतूबरोबर बदलते, आणि आपल्या घरांतून हेच गणित कोणाला ठाऊक नसते.

थंडी हा गुलाबाचा खरा हंगाम. ऑक्टोबरात, दसरा-कोजागिरीच्या सुमारास, झाडाची छाटणी होते आणि साधारण सहा-सात आठवड्यांनी नवी फूट कळीवर येते. रात्री गार असल्या की कळी सावकाश वाढते, तिच्यात पाकळ्या अधिक भरतात, काडी जाड होते आणि लाल रंगाचे द्रव्य पाकळीत जास्त साठते. म्हणून पौषातला लाल गुलाब मखमलीसारखा दाट दिसतो. तेच झाड, तोच माळी, तीच जात. वैशाखात त्याच फांदीवर लहान, कमी पाकळ्यांचे आणि फिकट फूल येते आणि दुपारपर्यंत उमलून सैल पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की खुडलेल्या फुलाच्या श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे जे फूल जानेवारीत मंडपात दीड-दोन दिवस ताठ उभे राहिले असते, ते सोलापूरच्या बेचाळीस अंशांत वरातीपर्यंतही पोचत नाही.

थंडीतला गुलाब सुंदर, पण त्याला मागणाऱ्यांचीही गर्दी. मार्गशीर्षातले गुरुवार, पौर्णिमेची दत्तजयंती आणि तिच्यासाठी गाणगापूरकडे लोटणारा समुदाय, संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आणि मग फेब्रुवारीची १४ तारीख. मावळातले शेतकरी त्या एका दिवसासाठी डिसेंबरातच झाडे अशी छाटतात-वाकवतात की कळ्या जानेवारीच्या शेवटी काढणीला याव्यात. उत्तम माल विमानाने जातो. उरलेल्याचा भावही त्या पंधरवड्यात चढा असतो. माघातल्या मुहूर्ताचे लग्न असेल, तर फुलारीमामा फुलांचा बेत तुरीच्या सौद्याइतक्या गंभीरपणे मांडतात आणि शक्य तर त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे चार दिवस सोडायला सांगतात. मुहूर्त पंचांग ठरवते, त्यामुळे हे नेहमी जमत नाही. निदान कारण तरी कळते.

आता उन्हाळ्याकडे येते. आपल्या व्यापारी घरांतली बहुतेक लग्ने वैशाखातली. मुलांच्या शाळांना सुटी, तुरीचा हंगाम आटोपलेला, आडतीवर थोडी उसंत. म्हणजे लग्नांचा हंगाम आणि गुलाबाचा हंगाम यांचे तोंड कायमचे विरुद्ध दिशांना. आणि मागणी मात्र तीच: व्यासपीठाची मागची भिंत संपूर्ण लाल गुलाबांची हवी.

माझ्या धाकट्या नणंदेचे लग्न अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात होते. आम्हीही असाच हट्ट धरला होता. फुलारीमामांनी दोनदा सुचवून पाहिले, की मोगऱ्यावर भर देऊ या, गुलाब थोडकाच ठेवू या. आम्ही ऐकले नाही. आदल्या दिवशी दुपारी गड्ड्या आल्या. घरात त्या वेळी थंड अशी एकच खोली होती, उत्तरेकडची, जाड दगडी भिंतींची; तिथेच पाहुण्यांच्या आमरसासाठी आणलेल्या आंब्यांची आढी घातली होती. गवतात एकावर एक आंबे पिकत होते आणि खोलीभर त्यांचा वास दाटलेला. फुलांच्या बादल्या आम्हीच हौसेने त्याच खोलीत नेऊन ठेवल्या. मामा त्या वेळी मंडपात सांगाडा बांधत होते. पहाटे तीनला दार उघडले तेव्हा निम्म्या कळ्यांच्या माना मोडल्या होत्या, पानांचा सडा पडला होता आणि हात लावताच पाकळ्या गळत होत्या.

मामांनी दारातूनच वास घेतला आणि म्हणाले, “सावकारीणबाई, आंब्याच्या खोलीत फुलं ठेवताव व्हय?” एवढेच. त्यानंतर ते रागावले नाहीत आणि आम्हाला समजावून सांगतही बसले नाहीत. शहाळ्याच्या गाडीवरून झावळ्या आणवल्या, परसातल्या आंब्याचे डहाळे तोडले, मोगऱ्याच्या सगळ्या माळा मागच्या भिंतीवर चढवल्या आणि वाचलेले गुलाब फक्त वरवधूंच्या आसनामागे, अर्धवर्तुळात, दाट लावले. फोटो पाहणाऱ्याला आजही वाटते की बेत मुळात असाच होता.

कारण मागाहून कळले. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. आंबे, केळी, चिकू यांना पिकवणारा हाच वायू फुलाला म्हातारे करतो, आणि गुलाबाच्या कित्येक जाती त्याला फार हळव्या असतात. बंद खोलीत, उन्हाळ्याच्या उबेत, एका रात्रीत तो आपले काम करतो. मान मोडण्याचे कारण बहुधा वेगळे. काडी खुडली की तिच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरतो, पुढे बादलीतल्या पाण्यात जंतू वाढून नळ्या बुजतात. पाणी वर चढत नाही, आणि कळीच्या खालचा कोवळा भाग आधी लवतो. म्हणून फूल आले की काडीचे टोक पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापायचे, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकायची, बादली घासून स्वच्छ करायची आणि पाण्यात किंचित साखर व लिंबाचा रस घालायचा. साखर फुलाचे अन्न, आंबटपणाने जंतूंना आळा. तळेगावलाच काढणीपश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे आणि पुण्यात पुष्पसंशोधन संचालनालय. तिथले शास्त्र शेवटी फुलारीमामांच्या प्लॅस्टिकच्या बादलीत येऊन उतरते. घरात दोन दिवस फुलदाणी ठेवणाऱ्या गृहिणीलाही हेच नियम लागू, आणि फळांची परडी शेजारी न ठेवण्याचा नियम सर्वांत आधी.

त्या लग्नापासून मी त्यांचे काम जरा बारकाईने पाहू लागले. हल्ली सगळीकडे फुले टोचायला हिरवा फेस वापरतात. दिसायला स्पंजासारखा, पण तो प्लॅस्टिकच; कुजत नाही, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. मामांकडे तो असतो, गरज पडली तर वापरतातही. पण लहान कामासाठी त्यांचे खरे साधन म्हणजे केळीचा सोट. आपल्याकडे मंडपाच्या दाराशी केळीचे खांब बांधतातच. त्याच केळीच्या बुंध्याचा हातभर तुकडा आडवा ठेवून त्यात आखूड काडीचे गुलाब खोचले की सोटातल्या ओलाव्यावर ते बराच वेळ टवटवीत राहतात. काम संपले की गुरांपुढे. पैशाचा हिशेब केला तरी तो फेसापेक्षा स्वस्त पडतो. व्यापाऱ्याच्या घरातली म्हणून हे नमूद करते.

फुलांविषयी बोलताना आपल्या घरांत एक जुना विषय निघतोच. मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेत पुष्पपूजेचे फूल सुईने टोचत नाहीत, त्याच्या पाकळ्या तोडत नाहीत. आंगीसाठी फुले हलक्या गाठीने गुंफतात. दिगंबरांत बीसपंथी फुले वाहतात, तेरापंथी केशरात रंगवलेल्या तांदळालाच पुष्प मानून ते वाहतात. स्थानकवासी घरांत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. देवळातला हा विवेक मंडपात शिरताना बाहेर का राहतो, असे मला कधी कधी वाटते. एका रात्रीसाठी हजारो कळ्या आणि सकाळी नगरपरिषदेच्या कचरागाडीत ढीग. फुलारीमामांशी मी हे बोलले, तेव्हा ते हसले. त्यांचे पोट त्या ढिगावर आहे. पण सुईशिवाय गुंफणे त्यांना त्यांच्या आजीने शिकवले आहे आणि आंगीची फुले ते आजही तशीच देतात. हाताला वेळ दुप्पट लागतो, दाम मात्र तेवढेच मिळते.

पावसाळा. चातुर्मास लागला की मुहूर्त संपतात आणि लग्नाची कामे चार महिने बंद. फुलाऱ्याच्या दृष्टीने हा काळ फार लांबचा. झाडावरही संकट: पानांवर काळे ठिपके पडतात, पाकळ्यांच्या घडीत पाणी साचून कळी आतून तपकिरी होते. बादलीत वरून ताजे दिसणारे फूल हातात घेऊन देठाजवळ दाबून पाहावे लागते, जसा आपण तुरीचा दाणा फोडून पाहतो. श्रावणातले सोमवार, पर्युषण, गणपती, गौरी यांची किरकोळ विक्री असते; तिच्यावर घर चालते, कर्ज फिटत नाही. मागे २०२०च्या चैत्रात टाळेबंदी आली तेव्हा देवळे बंद, लग्ने रद्द, आणि झाड मात्र रोज फुलत होते. फुले खुडली नाहीत तर झाड बिघडते, खुडली तर घेणारा नाही. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या किती शेतकऱ्यांनी आपल्याच बांधावर फुले ओतली असतील याची मोजदाद नाही. पूर्वीही उरलेल्या फुलांना वाट होती ती गुलकंदाची. गुल म्हणजे फूल, कंद म्हणजे साखर; फारसीतला सरळ अर्थ. बरणीत पाकळी आणि खडीसाखर यांचे थर देऊन उन्हात ठेवायचे. आपल्याकडे मधाचा प्रश्न नाही, खडीसाखरच. मात्र त्याला गंधाचा गावठी गुलाब लागतो. डच गुलाब येथे कुचकामी. रंग आणि आयुष्य साधताना त्याच्या जातीतला सुगंध बहुतांशी हरवला आहे.

सुगंध आणि आपले हवामान या दोहोंची काळजी वाहिलेला एक मोठा माणूस आपल्या देशात होऊन गेला. डॉ. बी. पी. पाल हे व्यवसायाने गव्हाचे संशोधक, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे १९६५ साली झालेले पहिले महासंचालक. गव्हाच्या तांबेरा रोगावर काम करता करता त्यांनी गुलाबाच्या अनेक नव्या भारतीय जाती तयार केल्या. पांढऱ्या गुलाबाच्या एका जातीला त्यांनी डॉ. होमी भाभांचे नाव दिले. आपल्या उन्हात टिकेल असा गुलाब हवा, हे त्यांचे ध्येय होते. बागप्रेमींनी त्या जाती जपल्या. मंडपाच्या बाजारात मात्र आजही परदेशात निपजलेल्या जातींचेच राज्य आहे, कारण खोक्यात बसण्यासाठी त्यांची काडी लांब आणि सरळ असते.

आता थोडे हिशेबाचे. आपल्या घरांतून सजावटीचे काम ठरवताना मोबाईलवर एक फोटो पुढे केला जातो. त्यात बहुधा युरोपातल्या कुठल्या तरी बागेतले जून महिन्यातले लग्न असते. त्यात असलेली पिओनी कडाक्याच्या थंडीशिवाय कळीवरच येत नाही. फुलारी ‘होईल’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटले तर काम सोलापूरच्या मोठ्या सजावटकाराकडे जाते. मग तो लांबून, दामदुपटीने माल मागवतो, त्यातला तिसरा हिस्सा वाटेतच मरतो, आणि ती तूट त्याच्या खिशातून जाते. आम्ही आडतीवर कडता, हमाली, तोलाई यांचे पैसे मोजून घेतो. फुलाऱ्याच्या बिलात मात्र मेलेल्या फुलांचा रकाना आम्ही मान्य करीत नाही. त्यातही रक्कम लगेच देत नाही. लग्न वैशाखातले आणि पैसे दसऱ्याला, ही आमच्या गावातली रीत. धान्याच्या व्यवहारात उधारीवर माल देणाऱ्याच्या गोदामात निदान दुसरा माल असतो. याच्याकडे असतात रिकाम्या बादल्या आणि पुढे चातुर्मास.

आमच्या घराचेही असेच चाले. नणंदेच्या लग्नाचे निम्मे पैसे आमच्याकडून नवरात्रात गेले. फुलारीमामांनी त्याबद्दल शब्दही काढला नाही, आणि त्यांच्या न बोलण्याची लाज मला पैसे दिल्यावर वाटली. तेव्हापासून आमच्या सासूबाईंनी नियम घालून दिला: अर्धी रक्कम काम ठरताना, उरलेली मंडप उतरायच्या आत. सासरे कुरकुरले. “तुरीला आपण इसार देतोच की,” एवढ्या एका वाक्यावर सासूबाईंनी विषय मिटवला.

यंदा दिराच्या मुलीचे लग्न आहे, मुहूर्त पुन्हा वैशाखातलाच. तुळशीच्या लग्नानंतर मामा वही घेऊन आमच्या पेढीवर आले. या वेळी फोटो कोणी दाखवला नाही. तुम्हीच सांगा म्हटले. त्यांनी बराच वेळ विचार करून लिहिले: मागची भिंत मोगरा आणि निशिगंध, मध्ये ज्वारीच्या कणसांच्या जुड्या, दाराला आंब्याचे डहाळे आणि केळीचे खांब. ज्वारीची कणसे माघातच, सुगीला, निवडून ठेवायची, म्हणून आमच्याच शेतावर निरोप धाडायला सांगितला. मुलीला लाल गुलाब हवाच होता. तिच्यासाठी त्यांनी वरमाला लिहिल्या, वडजीच्या फुलांच्या, मुहूर्ताच्याच पहाटे खुडलेल्या आणि इथे आणून गुंफायच्या. आणि अक्षतांबरोबर उधळायला पाच टोपल्या पाकळ्या.

वही मिटताना त्यांनी सासूबाईंकडे पाहिले. “आक्का, उत्तरेची खोली दोन दिवस मला द्या,” म्हणाले, “आणि आंबे माडीवर.”

सासूबाईंनी कमरेची किल्ली तेव्हाच काढून पुढे केली. लग्नाला अजून सहा महिने होते. मामा हसत म्हणाले, आता नको, वैशाखात द्या.